रंग पळतो कुठे? : गोधडी प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

आज पहिली बैठक. मुलं ११, वय ९ ते ११. ठरलं ते असं: तंतूपासून सुरुवात करायची आणि शेवटी ६० सेंटीमीटर लांब-रुंद अशी एक छोटी गोधडी शिवायची. ६ ओळी, प्रत्येक ओळीत ६ तुकडे, म्हणजे ३६. बहुतेक तुकडे मुलांनी स्वतः रंगवलेले असावेत.

मी फळ्यावर 'तंतू, सूत, कापड, रंग, गोधडी' असा सरळ रस्ता काढला होता. तो फार वेळ टिकला नाही. एका मुलीने बाहीवरचा तपकिरी डाग पुढे केला. डाळिंब सोलताना पडलेला. म्हणाली, "ताई, हा डाग किती धुतला तरी जात नाही. आणि माझ्या आवडत्या फ्रॉकचा रंग मात्र न सांगता गेला. असं का?"

माझ्याकडे एका वाक्याचं उत्तर नव्हतं. रस्ता पुसला आणि फळ्याच्या माथ्यावर लिहिलं: डाग का राहतो, रंग का जातो?

९ जानेवारी

कापूस. प्रत्येकाला एक एक बोंड दिलं. सरकी बोटांनी सोडवायची. अर्धा तास झाला तरी दोघांचं बोंड संपलं नव्हतं. एकाने मोजल्या, ३१ सरक्या निघाल्या. कापूस सरकीला किती घट्ट धरून बसतो हे हातांना कळल्यावर मग सांगितलं की १७९३ मध्ये अमेरिकेत एली व्हिटनीने सरकी वेगळी करणारं दात्यांचं यंत्र केलं. कोणी तरी दमून मोठा निःश्वास सोडला. हातांनी सरकी सोडवायच्या आधी हे सांगितलं असतं तर नुसता एक सन झाला असता.

खिशातल्या सूक्ष्मदर्शकाखाली एकच तंतू ठेवला. तो गोल दोरीसारखा दिसत नाही, मधूनमधून पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. बोंड बंद असताना प्रत्येक तंतू म्हणजे आतून ओली असलेली बारीक नळी. बोंड उकललं की नळी वाळते, चपटी होते आणि स्वतःभोवती पिळते. हे पीळ एकमेकांत अडकतात म्हणून कापसाचं सूत निघतं. तंतूची लांबी जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर, आणि हा अख्खा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच पेशी! हे वाक्य मला तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा सांगताना माझाही विश्वास बसेना.

जाता जाता कापसाचा बोळा पाण्यात टाकला. तरंगला. दाबला, परत वर आला. कारण सांगितलं नाही, बोळा तसाच ठेवला.

१३ जानेवारी

टकळी, म्हणजे हाताने फिरवून सूत कातायची छोटी चाती. सुरुवातीला अर्थातच हशा, कारण आमच्यातल्या एकाला दिवसभर "तुझी टकळी बंद कर" हेच ऐकावं लागतं. आज त्यालाच पहिली टकळी दिली. गंमत म्हणजे सर्वांत सरळ सूत त्याचंच निघालं.

पेळूतून (पिंजलेल्या कापसाच्या सैल वळीतून) कापूस ओढायचा, टकळी फिरवायची, पीळ वर चढू द्यायचा. ओढ जास्त झाली की तुटतं, कमी झाली की गाठोडं होतं. पहिल्या तासात ११ जणांचं मिळून दोन मीटरही धड सूत निघालं नाही.

पीळ काय करतो ते न कातलेल्या कापसावर दाखवलं. सैल पेळू दोन्ही हातांनी ओढला, अलगद सुटला. त्याच जाडीचा पेळू पिळून ओढला, नाही तुटला. पिळल्याने तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि घसरू शकत नाहीत. ताकद वाढली ती या दाबामुळे. मग पिळलेलं सूत मधोमध धरून सैल सोडलं, तर ते स्वतःच दुहेरी गुंडाळलं. "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही" हे एका मुलाने आजीच्या तोंडून ऐकलेलं होतं. सुंभ म्हणजे काथ्याची दोरी, हे मात्र त्याला आज कळलं.

१६ जानेवारी

बाकीचे तंतू एकाच दिवसात उरकले. हे चुकलं, पुढच्या वेळी दोन दिवस द्यावेत.

रेशीम: किड्याचा कोष गरम पाण्यात टाकला की वरचा डिंक मऊ होतो आणि धाग्याचं टोक सापडतं. एका कोषात एकच अखंड धागा, एक किलोमीटरच्या आसपास. मुलांनी तो बागेच्या फाटकापर्यंत नेला, परत आणला, आणखी एकदा नेला, मग कंटाळली. जवस: याचा तंतू खोडाच्या सालीत असतो. खोडं पाण्यात कुजत ठेवली की जिवाणू तंतूंना चिकटवून ठेवणारा भाग खातात आणि तंतू सुटतात. त्याचं कापड म्हणजे लिनन. आमची बादली उघडल्यावर सगळे नाक धरून मागे सरले, त्यामुळे जिवाणूंवर व्याख्यान द्यायची गरज उरली नाही.

लोकरीचा अपघात माझा. विणलेला लोकरी चौकोन धुताना कढत पाण्यात घातला, साबण लावून चोळला आणि लगेच गार पाण्यात बुडवला. बाहेर आला तेव्हा निम्म्याहून लहान, पुठ्ठ्यासारखा जाड. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. उष्णता, साबण आणि चोळणं एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकतात, ते पुन्हा सुटत नाहीत. नमदा, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेलं जाड कापड, असाच करतात, पण तो मुद्दाम. चौकोन भिंतीवर लावला, खाली लिहिलं: ताईंचा नमदा.

२१ जानेवारी

पुठ्ठ्याच्या मागावर विणकाम. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. एक वर, एक खाली. यात फार लिहिण्यासारखं नाही, मुलांनी पटकन धरलं.

एक गोष्ट मात्र वहीत हवी. कापडाचा चौकोन उभा ओढा, फारसा ताणत नाही. आडवा ओढा, तेच. कोपऱ्याकोपऱ्यातून तिरका ओढा, लगेच लांबतो. धागा ताणलेला नसतो, चौकटीची घरं तिरकी होतात. गोधडीचे तुकडे कापताना हे आठवावं लागेल. तिरका कापलेला तुकडा शिवताना हातात वेडावाकडा होतो.

२३ जानेवारी

९ तारखेच्या बोळ्याचा उलगडा. कापसावर मेणासारखा पातळ थर असतो. पावसात भिजू नये म्हणून झाडाला तो उपयोगाचा, रंगवणाऱ्याला मात्र अडचणीचा. कोरं सुती कापड धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर उकळलं. शेगडी माझ्याकडे, मुलं रेषेच्या पलीकडे. पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या कापडातून पिवळट तपकिरी पाणी निघालं. "हे स्वच्छ होतं ना?" "दिसत होतं."

मग दोन चिंध्या पाण्यावर ठेवल्या. न उकळलेली तरंगत राहिली. उकळलेली ठेवताक्षणी ओली होऊन बुडाली. रंगकामातला निम्मा वेळ असा रंगाला हात न लावता जातो. मुलांना हे पसंत नाही. त्यांना बादली लाल झालेली बघायची आहे.

२८ जानेवारी

घ्या बादली. बीट आणि हळद.

बीटचा रंग बघून टाळ्या पडल्या. वाळवलं, साध्या पाण्यात एकदा धुतलं, जवळजवळ सगळा रंग गेला. पाणी गुलाबी, कापड मळकट. हळद मात्र धुऊन टिकली. त्यावर साबण लावला तर पिवळ्याचं लालभडक झालं! एक जण किंचाळला. साबणात अल्क (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) असतं, अल्कात हळद लाल होते, आणि खूप पाण्याने खळबळल्यावर पिवळी परत येते. तीनदा करून बघितलं, नंतर साबण लपवावा लागला.

फळ्यावर दोन रकाने केले: 'पाण्याने गेला' आणि 'पाण्याने गेला नाही'. बीट पहिल्यात, हळद दुसऱ्यात. मुलांनी हळदीला जिंकल्याचं जाहीर केलं. मी गप्प राहिले.

३ फेब्रुवारी

आज डागाचं उत्तर मिळालं. डाळिंबाच्या वाळलेल्या साली उकळल्या. पाणी गाळून त्यात सोड्याने साफ केलेलं कापड रात्रभर ठेवलं होतं. सकाळी ते पिवळट झालेलं. धुतलं, पिवळटपणा राहिला. डाग असलेली मुलगी आधी कापडाकडे आणि मग स्वतःच्या बाहीकडे बघून म्हणाली, "म्हणजे हे मीच केलं होतं!"

सालीत टॅनिन असतं. कच्ची फळं तोंडात आवळल्यासारखी लागतात ते याच्यामुळे. टॅनिन कापसाला स्वतःहून धरून बसतं. बीटच्या रंगाला ते जमत नाही. म्हणून डाग राहिला.

पण नुसत्या टॅनिनने लाल-निळं होत नाही. पुढची पायरी तुरटी. कापडाचं वजन २०० ग्रॅम होतं, त्याला ३० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून घेतली. तुरटीतलं अॅल्युमिनियम एका बाजूने तंतूला (आणि त्यावर बसलेल्या टॅनिनला) धरतं आणि दुसऱ्या बाजूने रंगाला. पुस्तकी शब्द रंगबंधक. मुलांनी नाव ठेवलं 'दोन हातांची तुरटी'.

मैदानावर खेळून बघितलं. चौघं तंतू, तिघं तुरटी, चौघं रंग, आणि पाणी म्हणजे मी, ओढणारी. मध्ये तुरटी नसताना रंग झालेल्यांना एका झटक्यात ओढून नेलं. तुरटीने हात धरल्यावर मलाच धाप लागली. लोकर आणि रेशीम प्रथिनांचे असतात, त्यांच्याकडे रंग धरायला स्वतःच्या जागा जास्त. कापूस म्हणजे सेल्युलोज, त्याला मदतनीस लागतो. म्हणून त्याच भांड्यात टाकलेली लोकरीची लडी कापसापेक्षा गडद निघते. हे आम्ही पुढच्या वेळी बघणार.

६ फेब्रुवारी

मंजिष्ठा, लाल रंग देणारी वेल. तिच्या मुळांची पूड रात्रभर भिजवलेली. पहिला घाणा मी फोनवर बोलत असताना खळखळून उकळला, आणि लालाऐवजी विटकरी-तपकिरी आला. फार उष्णतेत मुळांतले तपकिरी रंगही उतरतात. दुसरा घाणा थर्मामीटर लावून ६० ते ७० अंशांत तासभर ठेवला. हा खरा लाल. लोकर आणखी गडद, जवळजवळ डाळिंबी.

तुरटी न दिलेली एक चिंधी मुद्दाम त्याच भांड्यात होती. धुतल्यावर फिक्या गुलाबी छटेपलीकडे काही उरलं नाही. तीच माझी आवडती चिंधी. तीन वाक्यांत समजावण्यापेक्षा ती हातात देणं बरं.

मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, ४,००० वर्षांहून जुना, मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांनी रंगवलेला. "तेव्हा थर्मामीटर होता का?" नव्हता. हाताला सोसेल एवढं गरम, असं मापत असावेत. त्यांचा घाणाही कधी तरी उतू गेलाच असेल, असं मला आपलं वाटतं.

१० फेब्रुवारी

नीळ. दिवसभर दुसरं काही केलं नाही.

आधी घोळ मिटवला: पांढऱ्या कपड्यांना देतात ती नीळ ही नव्हे. ही झाडाच्या पानांतून मिळते. हिची पूड पाण्यात टाकली तर विरघळतच नाही, वर तवंगासारखी फिरते. अशा पाण्यात बुडवलेलं कापड धुतलं की कोरंच.

म्हणून हौद, म्हणजे नीळ विरघळवणारं मिश्रण, करावा लागतो. आमचा छोट्या बादलीतला: १ भाग नीळ, २ भाग चुना, ३ भाग फ्रुक्टोज (फळांतली साखर), कोमट पाणी. चुना माझ्या हातमोज्यांतच. फ्रुक्टोजमुळे नीळ रासायनिकरीत्या बदलते, हिरवट पिवळी होते आणि विरघळते. आता ती तंतूत शिरू शकते. तासाभरात पाण्यावर तांब्यासारखी चकाकी आली, आणि चमच्याने साय बाजूला केल्यावर खाली पिवळसर हिरवं पाणी दिसलं. निळ्या रंगाचं भांडं निळं नव्हतं.

नेमकं तेव्हाच दोघांनी 'नीट मिसळावं' म्हणून काठीने घुसळलं, फेस येईपर्यंत. रंगाचा बेरंग. हवा आत गेली, पाणी निळं झालं, म्हणजे नीळ पुन्हा न विरघळणारी झाली. ओरडले नाही, कारण घुसळायचं नाही हे मी सांगितलंच नव्हतं. थोडं फ्रुक्टोज वाढवलं, बादली गरम पाण्याच्या टबात ठेवली, झाकली. दुपारी चारला पिवळं पाणी परतलं.

ओलं कापड हळूच आत सोडलं, बुडबुडा न येऊ देता. पाच मिनिटं. बाहेर काढलं तेव्हा पोपटी. मग कडेपासून आत, घडीच्या रेघांवरून, निळं चढत गेलं. कोणी काही बोललं नाही. टकळीवालासुद्धा.

हवेतला ऑक्सिजन मिळाला की नीळ पुन्हा न विरघळणारी होते, पण आता ती तंतूच्या आत असते. इथे तुरटी नाही, हातात हात नाही. आत जाताना विरघळलेली आणि आत गेल्यावर विरघळेनाशी, मग पाणी तिला बाहेर काढणार कसं? एकदा, तीनदा आणि सहादा बुडवलेल्या पट्ट्या शेजारी वाळत घातल्या: आकाशी, निळा, रात्रीचा.

पेरूमधल्या हुआका प्रिएता इथे निळीने रंगवलेलं सुती कापड मिळालं आहे, सुमारे ६,००० वर्षांपूर्वीचं.

१२ फेब्रुवारी

उन्हाची परीक्षा लावली. हळद, मंजिष्ठा, नीळ आणि डाळिंबाच्या सालीच्या रंगावर गंजलेल्या खिळ्यांचं पाणी देऊन केलेला काळा, अशा चार पट्ट्या खिडकीत. प्रत्येकीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकलेला. पाच आठवडे कोणी हात लावायचा नाही.

पैजा घेतल्या. नऊ जण हळदीच्या बाजूने.

१७ फेब्रुवारी

ठसे. रंगाने ठसे उठवायचे नाहीत, तुरटीने उठवायचे. डाळिंबाच्या सालीत भिजवलेल्या कापडावर, डिंकात घट्ट केलेल्या तुरटीचे ठसे बटाट्याने उठवले. काही ठसे गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये मुरवून केलेल्या लोखंडाच्या पाण्याचे. तुरटीचा ठसा दिसतच नाही, लोखंडाचा लगेच काळा होतो. दोन दिवस वाळवून, खळबळून सगळं कापड मंजिष्ठेच्या एकाच भांड्यात.

तुरटीच्या जागा लाल झाल्या, लोखंडाच्या काळपट. एकाच भांड्यातून दोन रंग. जमीन, म्हणजे ठशांमधली मोकळी जागा, पांढरी राहिली नाही, पिवळट गुलाबी झाली. मला ती आवडली, दोघांना नाही.

२० फेब्रुवारी

विकतचं रंगीत कापड. विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा मुलगा १८५६ मध्ये लंडनला घरच्या प्रयोगशाळेत हिवतापावरचं क्विनीन करायला बसला आणि हाती जांभळा रंग लागला. त्यातून कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. पुढे १८९७ पासून कारखान्यात केलेली नीळ बाजारात आली. आणि पर्किननंतर बरोबर १०० वर्षांनी, १९५६ मध्ये, कापसाशी थेट रासायनिक बंध जोडणारे रंग विक्रीला आले. तुरटी नको, आत कोंडून ठेवायला नको. रंग तंतूचाच भाग होतो.

"मग नवीन कापडाचा रंग पहिल्या धुण्यात का जातो?" चांगला प्रश्न. बंध न जुळलेला रंग आत नुसता अडकून राहिलेला असतो. कारखान्यात नीट धुतला नसेल तर घरी निघतो. आणलेल्या तीन कापडांपैकी लाल गरम पाण्यात घातलं, चौथ्या पाण्यानंतर ते नितळ आलं.

मग सगळ्यांना जीन्सचा पाय उलटा करायला लावला. आतून पांढरट. ताणा निळा, बाणा कोरा. ताण्याचा एक धागा उसवून नखाने खरवडला, त्याचाही गाभा पांढरा. नीळ वरच्या थरातच बसलेली, म्हणून गुडघा घासून घासून फिका पडतो. फळ्यावर तिसरा रकाना वाढला: 'घासून गेला'.

२६ फेब्रुवारी

कापणी. मी 'तुकडा १० सेंटीमीटर' असं फळ्यावर लिहिलं आणि आठ तुकडे कापून झाल्यावर लक्षात आलं की शिवणीला दोन्हीकडे १ सेंटीमीटर जातो. म्हणजे ८ चा उरणार आणि गोधडी ४८ ची होणार. एक ना धड भाराभर चिंध्या. त्या आठांची आता सुया ठेवायची पानं होतील. नवीन माप १२.

हिशेब: मंजिष्ठा १२, नीळ १०, ठशांचे ६, लोखंडी काळे ४, विकतचे ३, हळद १. हळदीचा मधोमध हवा होता. पण ६ बाय ६ मध्ये मधला तुकडा नसतोच, हे सर्वांत धाकटीने दाखवून दिलं. कोपरा मिळाला.

१२ मार्च

दोन आठवडे शिवण. वरचा थर, मध्ये पिंजलेला कापूस, खाली अस्तर. धावदोऱ्याच्या ओळी तीन-तीन सेंटीमीटरवर. ओळी नसत्या तर दोन धुण्यांत कापूस एका कोपऱ्यात गोळा झाला असता. ऊब मुख्यतः कापसात अडकलेल्या हवेची असते, त्यामुळे फार घट्ट ओढलेला टाका ऊब कमी करतो. एका ओळीत एका टाक्यात भाताचं शीत मावेल, शेजारच्या ओळीत अख्खा खडू.

ओलं पांढरं फडकं सगळ्या तुकड्यांवरून घासून बघितलं. सहादा बुडवलेल्या निळ्याने फडक्यावर रेघ उठवली. बाकीचे गप्प.

१९ मार्च

पुठ्ठे काढले.

निळीच्या दोन अर्ध्यांत फरक शोधावा लागतो. मंजिष्ठा किंचित उतरली आहे. काळा थोडा तपकिरीकडे झुकला आहे. हळदीचा झाकलेला भाग पिवळाधमक, उघडा भाग कोऱ्या कापडासारखा, मध्ये पट्टीने आखल्यासारखी रेघ.

नऊ जण पैज हरले. चौथा रकाना आखला: 'उन्हाने गेला'. साबणाला, पाण्याला पुरून उरलेली हळद एकटी त्यात.

गोधडीतला हळदीचा तुकडा उसवून बदलू या, असं मी म्हटलं. डागवाल्या मुलीला ते मान्य नव्हतं. तिने २६ फेब्रुवारीच्या फुकट गेलेल्या तुकड्यांतला एक मागितला, काळा. तो दुमडून हळदीच्या तुकड्याच्या अर्ध्या भागावर ठेवला आणि एका बाजूने शिवून टाकला, दाराच्या झापडीसारखा. झापडीवर बटण लावायचं राहिलं आहे. सोमवारी आणते.